अठराव्या वर्षाची वेस

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मधल्या सुट्टींत मोठी सर आली आणि मैदानावरचीं मुलें व्हरांड्यांत जमा झालीं. पाऊस थांबेपर्यंत नेहमींप्रमाणें परदेशी फुटबॉल क्लबांच्या गप्पा सुरू झाल्या. नववींतील एका विद्यार्थ्यानें मोठ्या तळमळीनें तक्रार मांडली: दक्षिण अमेरिकेंतील एखादा सोळा वर्षांचा मुलगा युरोपांतील क्लबास पसंत पडतो, क्लब पैसे मोजावयास तयार, मुलगा जावयास तयार, आईबापहि राजी, आणि तरी नियम म्हणतो, "थांब, आधीं अठरा वर्षांचा हो." बरें, अठरा पुरीं झालीं तरी इंग्लंडांत जावयाचें असल्यास परवान्याचा दरवान त्याला पुन्हां हटकतो. "सर, हा त्या गरीब मुलावर अन्याय नव्हे काय?" असा त्याचा प्रश्न होता. इतक्यांत घंटा झाली आणि उत्तर राहून गेलें. परंतु प्रश्न विचार करण्याजोगा आहे, आणि त्याचें उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' अशा एका शब्दांत देतां येण्यासारखें नाहीं. म्हणून तें येथें सविस्तर देण्याचें योजिलें आहे.

प्रथम नियम काय आहे तो नीट समजून घेऊं. फुटबॉलचा जागतिक कारभार पाहणारी जी फिफा नांवाची संस्था, तिच्या नियमाप्रमाणें अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून कोणत्याहि खेळाडूस एका देशांतील क्लब सोडून दुसऱ्या देशांतील क्लबांत दाखल होतां येत नाहीं. सन २००१ मध्यें हा नियम कडक करण्यांत आला. त्याला कांहीं अपवाद आहेत. आईबाप फुटबॉलखेरीज दुसऱ्या कारणानें परदेशीं राहावयास गेले असतील तर मुलास तेथें खेळतां येतें. सरहद्दीपासून ५० किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्या मुलास पलीकडच्या जवळच्या क्लबांत जातां येतें. युरोपीय संघांतील देशांमध्यें आपापसांत ही मर्यादा सोळा वर्षांची आहे. इंग्लंड त्या संघांतून बाहेर पडल्यामुळें १ जानेवारी २०२१ पासून हा तिसरा अपवाद इंग्लिश क्लबांस उरला नाहीं.

इंग्लंडांत यावर आणखी एक पायरी आहे. अठरा वर्षें पूर्ण झालेल्या परदेशी खेळाडूसहि तेथील फुटबॉल असोसिएशनचें शिफारसपत्र मिळाल्यावांचून सरकार काम करण्याचा परवाना देत नाहीं, आणि तें शिफारसपत्र गुणांवर मिळतें. आपल्या परीक्षेंत उत्तीर्ण होण्यास जसे ठराविक गुण लागतात, तसे येथें पंधरा लागतात. खेळाडू आपल्या राष्ट्रीय संघाकडून पुरेशा प्रमाणांत सामने खेळला असेल तर त्याला परीक्षेवांचूनच प्रवेश मिळतो. नसेल तर तो आपल्या क्लबाकडून प्रत्यक्ष किती मिनिटें खेळला, त्याचा क्लब स्पर्धेंत कितव्या क्रमांकावर राहिला, खंडाच्या मोठ्या स्पर्धेंत तो उतरला कीं नाहीं, आणि तो ज्या देशाच्या स्पर्धेंत खेळतो ती सहा श्रेणींपैकीं कोणत्या श्रेणींत बसते, यांवर गुण मिळतात. २०२३ सालीं यांत थोडी सवलत आली. गुण कमी पडलेले कांहीं होतकरू खेळाडू घेण्याची मुभा क्लबांस मिळाली. परंतु वरच्या दोन विभागांतील क्लबांसहि ती जास्तींत जास्त चार जणांपुरती आहे, आणि इंग्लंडच्या मुलांस क्लब जितका वेळ खेळवील त्या मानानें ती वाढते अगर घटते.

या दोन पायऱ्या निरनिराळ्या हेतूंनीं बांधलेल्या आहेत, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. पहिली पायरी परक्या मुलाच्या रक्षणाकरितां आहे. दुसरी इंग्लंडच्या स्वतःच्या मुलांच्या रक्षणाकरितां आहे. दोन्ही हेतु समजण्यासारखे आहेत. आमचें मत आम्ही आरंभींच सांगून टाकतों. अठरा वर्षांची वेस योग्य आहे, ती पाडूं नये. परंतु वेशीच्या अलीकडे जो बाजार भरतो त्याकडे पुरेसें लक्ष नाहीं. आणि वेशीवरचा परवाना मुलाला जो प्रश्न विचारतो तो अपुरा आहे.

वेस हवी कशाला, तें आधीं पाहूं. एका मोठ्या क्लबाला एक नामांकित खेळाडू मिळविण्यासाठीं अनेक मुलें गोळा करावीं लागतात. पेरणी करणारा शेतकरीहि सगळें बीं उगवेल असें धरून चालत नाहीं. परंतु न उगवलेलें बीं मातींत जातें, त्याला दुःख होत नाहीं. न निवडलेला मुलगा मात्र जिवंत माणूस असतो. तो परक्या देशांत, परक्या भाषेंत, शाळा अर्धी टाकून, आईबापांनीं घेतलेल्या कर्जाचें ओझें मनावर बाळगून उभा असतो. वर्तमानपत्रांत निवडलेल्याचें चित्र छापतात. परत फिरलेल्याचें कोणी छापीत नाहीं. तेरा चौदा वर्षांच्या मुलाला या जुगारांत बसविण्याचा अधिकार क्लबाला नाहीं, दलालाला नाहीं, आणि आम्ही तर म्हणूं कीं आईबापांनाहि नाहीं.

हा नियम नुसता कागदावर राहिलेला नाहीं. २०१४ च्या एप्रिलांत बार्सिलोना या बलाढ्य क्लबास, परदेशी अल्पवयीन मुलांस नियमाविरुद्ध घेतल्याबद्दल, खेळाडू-खरेदीच्या लागोपाठ दोन हंगामांत नवीन खेळाडू नोंदविण्याची बंदी झाली. जानेवारी २०१६ मध्यें माद्रिदच्या रियल व अतलेतिको या दोन्ही क्लबांस तशीच शिक्षा झाली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्यें लंडनच्या चेल्सीसहि. यांपैकीं रियल व चेल्सी यांची शिक्षा पुढें लोझान येथील क्रीडा-लवादानें कमी केली, ही गोष्ट वेगळी. श्रीमंत क्लबांनाहि जो कायदा हटकूं शकतो, तो दुर्बळाच्या उपयोगाचा कायदा आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

येथें आमचा नववींतील मित्र म्हणेल, "मग मेस्सीचें काय?" हा आक्षेप खरोखर वजनदार आहे. लिओनेल मेस्सी हा अर्जेंटिनांतील रोसारियो गांवचा मुलगा. त्याच्या शरीराची वाढ खुंटली होती आणि औषधाचा खर्च घरच्यांस परवडेना. सन २००० मध्यें, तेरा वर्षांचा असतां, तो बार्सिलोनाला परीक्षा देण्यास गेला. आणि त्याच वर्षीं १४ डिसेंबर रोजीं क्लबाच्या अधिकाऱ्यानें त्याला घेण्याचें वचन हात पुसण्याच्या कागदी रुमालावर लिहून दिलें. तोच रुमाल २०२४ सालीं लंडनच्या एका लिलांवांत ७,६२,४०० पौंडांस विकला गेला. तेव्हां वेशीवर अडविलें असतें तर जगाला मेस्सी मिळाला नसता, असें म्हणतात.

याला आमचीं उत्तरें दोन. पहिलें असें, कीं कायदा एका मेस्सीकडे पाहून करावयाचा नसतो; त्याच वाटेनें निघालेल्या आणि ज्यांचीं नांवें आपणांस कधींच कळणार नाहींत अशा मुलांकडे पाहून करावयाचा असतो. एक जण पोहून पलीकडे गेला म्हणून पुरांत नावाड्याची गरज नाहीं असें ठरत नाहीं. दुसरें असें, कीं मेस्सीनेंहि त्याचें मोल भरलें आहे. घर दुभंगलें, आई व भावंडें अर्जेंटिनास परत गेलीं आणि मुलगा बापाजवळ परदेशीं राहिला. आणि मूळ प्रश्न निराळाच आहे. औषधासाठीं तेरा वर्षांच्या मुलाला महासागर ओलांडावा लागला, याचें कौतुक करावयाचें कीं लाज वाटून घ्यावयाची? त्याला औषध रोसारियोंत मिळतें आणि तो अठराव्या वर्षीं गेला असता, तर त्याच्या डाव्या पायांतील जादू कांहीं नाहींशी झाली नसती.

आतां वेशीच्या अलीकडचा बाजार पाहूं. नियम मुलाच्या जाण्याला आहे. त्याच्या विक्रीच्या बोलीला नाहीं. ब्राझीलच्या कायद्याप्रमाणें सोळाव्या वर्षीं मुलाला धंदेवाईक करार करतां येतो. व्हिनिसियस ज्युनियर हा मुलगा २०१७ च्या मे महिन्यांत फ्लामेंगो क्लबाच्या थोरल्या संघांतून पहिला सामना खेळला. त्याला पुरते दोन आठवडे लोटले नाहींत तोंच रियल माद्रिदनें साडेचार कोटी युरोंस त्याचा सौदा जाहीर केला. मुलगा सोळा वर्षांचा होता. तो माद्रिदला गेला २०१८ च्या जुलैंत, अठरा पुरीं झाल्यावर. एंद्रिक याचा सौदा पाल्मेइरास क्लबाशीं डिसेंबर २०२२ मध्यें झाला. तोहि सोळा वर्षांचाच होता, आणि गेला २०२४ च्या जुलैंत. एक्वेडोरच्या केंद्री पायेसचें २०२३ सालीं चेल्सीशीं ठरलें, तेव्हां त्याचें वय सोळाच. अठरावें सरल्यावर २०२५ मध्यें तो निघाला, आणि चेल्सीनें त्याला त्याच उन्हाळ्यांत फ्रान्समधील स्त्रासबूर्ग क्लबाकडे उसना देऊन टाकला. दोन्ही क्लबांचे मालक एकच आहेत.

एस्तेव्हाव याची गोष्ट तर नाटकांत शोभावी अशी आहे. २०२४ च्या जून महिन्यांत पाल्मेइरास व चेल्सी यांच्यांत त्याचा सौदा ठरला. पुढच्या वर्षीं ४ जुलै रोजीं क्लबांच्या जागतिक स्पर्धेंत हेच दोन क्लब समोरासमोर आले. त्या दिवशीं तो पाल्मेइरासच्या वेषांत खेळला आणि आपल्या भावी मालकांवरच त्यानें गोल केला. सामना चेल्सीनें दोन विरुद्ध एक असा जिंकला आणि मुलगाहि घेऊन गेले. लोकांनीं टाळ्या वाजविल्या, आणि त्या योग्यच होत्या. परंतु क्षणभर त्या मुलाच्या मनांत शिरून पाहा. ज्या घरीं आपण राहतों त्या घराचे आपण उरलेलों नाहीं, आणि जेथें जावयाचें तेथील अजून झालेलों नाहीं, अशा स्थितींत एका मुलानें वर्षभर रोज सकाळीं उठून सरावाला जावयाचें. नियमानें त्याचा देह अठरापर्यंत आईजवळ ठेवला खरा. परंतु त्याची किंमत आधींच समुद्रापलीकडे जाऊन पोहोंचली होती.

येथें कोणी म्हणेल, कीं हीं सर्व यशाचीं उदाहरणें आहेत. यांत दुःख कोठें आहे? म्हणून दुसरी एक हकीकत सांगणें भाग आहे. ज्या फ्लामेंगो क्लबानें व्हिनिसियसला साडेचार कोटी युरोंस दिलें, तें नांव गोव्यांतील फुटबॉलप्रेमी वाचकांस अपरिचित नाहीं. कारण २०१४ पासून २०१६ पर्यंत गोव्याच्या संघाला शिकविणारा झिको हा त्याच क्लबाचा थोर खेळाडू. त्या क्लबाच्या रिओ शहरांतील शिक्षणकेंद्रांत ८ फेब्रुवारी २०१९ रोजीं पहांटे आग लागली. बोटीवर माल लादण्याच्या लोखंडी पेट्यांसारख्या खोल्या जोडून केलेल्या तात्पुरत्या वसतिगृहांत लहान संघांचे खेळाडू झोंपलेले होते. दहा मुलें मेलीं. सर्वांत लहान चौदा वर्षांचा होता, सर्वांत मोठा सोळा. नंतर नगरपालिकेनें सांगितलें, कीं तिच्या कागदांत त्या जागीं वसतिगृह नव्हतेंच. ती जागा गाड्या उभ्या करण्यासाठीं दाखविलेली होती.

अपराध कोणाचा, हें ठरविणें न्यायालयांचें काम आहे. तें आम्ही येथें करीत नाहीं. आम्हांला एवढेंच दाखवावयाचें आहे, कीं ज्या मुलांच्या परदेशांतील परवान्यावर जगभर वाद होतात, तीं मुलें स्वदेशांत ज्या छपराखालीं निजत होतीं त्या छपरालाच परवाना नव्हता. त्या दहांपैकीं एखादा कदाचित् माद्रिदला किंवा लंडनला गेला असता. बहुतेक गेले नसते. परंतु तीं सर्व मुलें एकाच आशेनें घर सोडून आलेलीं होतीं. वेशीवर कितीहि कडक पहारा ठेवला, तरी वेशीच्या आंत मुलगा कसा वाढतो हें कोणी पाहिलें नाहीं, तर त्या पहाऱ्याचें सार्थक काय?

आतां इंग्लंडच्या पंधरा गुणांकडे वळूं. ज्या देशांत पैसा फार, त्या देशानें बाहेरचे खेळाडू किती घ्यावेत याला कांहीं धरबंध हवा, हें आम्हांस मान्य आहे. तसें न केलें तर इंग्लंडच्या गल्लींत खेळणाऱ्या मुलाला आपल्याच गांवच्या क्लबांत जागा उरणार नाहीं. परंतु गुण देण्याची रीत पाहिली म्हणजे शिक्षकाला थोडें हंसूं येतें. दोन मुलें सारखींच हुशार. एक ब्राझीलमध्यें खेळतो आणि दुसरा ज्या देशाची स्पर्धा खालच्या श्रेणींत धरली आहे अशा देशांत. दोघेहि सारखेंच खेळले तरी दुसऱ्यास गुण कमी. आमच्या परीक्षेंत, उत्तर सारखेंच असतां, विद्यार्थी अमक्या शाळेचा म्हणून गुण कमी दिले, तर पालक आम्हांस काय म्हणतील? शिवाय मिनिटें मोजण्याच्या रीतीमुळें कोंवळ्या मुलाला लवकरांत लवकर मोठ्यांच्या सामन्यांत उतरविण्याचा मोह क्लबास होतो. कारण प्रत्येक मिनिटानें त्याचा परवाना जवळ येतो आणि त्याचें मोल वाढतें. हाडें भरण्याच्या वयांत कोणत्या मुलानें किती खेळावें, हें वैद्यानें ठरवावयाचें कीं परवान्याच्या कोष्टकानें?

आणि जेथें पुढचें दार अरुंद असतें, तेथें माणसें बाजूचीं दारें शोधतात. साव्हिन्यो हा ब्राझीलचा मुलगा २०२२ सालीं अतलेतिको मिनेइरो क्लबांतून फ्रान्समधील त्रुआ क्लबानें घेतला. त्रुआ, स्पेनमधील जिरोना आणि इंग्लंडांतील मँचेस्टर सिटी यांत एकाच मालक-मंडळाचा पैसा आहे. त्रुआनें त्याला आधीं हॉलंडांत उसना दिला, मग जिरोनाला दिला, आणि २०२४ मध्यें मँचेस्टर सिटीनें तो घेतला. ज्या त्रुआच्या वहींत त्याचें नांव दोन वर्षें होतें, त्या त्रुआकडून तो स्पर्धेचा एकहि सामना खेळला नाहीं. यांत बेकायदा कांहीं नाहीं, आणि मुलाचें भलेंहि झालें. परंतु माणसाचें नांव एका गांवीं, बिऱ्हाड दुसऱ्या गांवीं आणि मालक तिसऱ्या गांवीं, अशी स्थिति हुंडीला शोभते, मुलाला शोभत नाहीं.

दुसरें दार पासपोर्टाचें. स्पेनच्या कायद्यांत स्पॅनिश-अमेरिकेंतील व ब्राझीलमधील मनुष्यास दोन वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर नागरिकत्व मागतां येतें. इटलींत पूर्वजांच्या रक्ताच्या नात्यानें तें मिळत असे. २०२५ मध्यें तो कायदा बराच आवळण्यांत आला. आजोबांचा शोध घेणें यांत पाप नाहीं; परंतु खोटे आजोबा निर्माण करण्यापर्यंत मजल गेली, हें इतिहासांत नमूद आहे. उरुग्वेचा नामांकित खेळाडू आल्व्हारो रेकोबा याच्यावर २००१ सालीं खोट्या इटालियन पासपोर्टाच्या प्रकरणांत खेळण्याची बंदी आली होती. कायदा जेव्हां माणसाच्या गुणांऐवजीं त्याच्या कागदांकडे पाहूं लागतो, तेव्हां कागद तयार करणारांचा धंदा तेजींत येतो.

या सर्वांवरून आमचा मुद्दा वाचकांच्या लक्षांत आला असेल. परवाना मुलाला एकच प्रश्न विचारतो: "तूं आमच्या उपयोगाचा आहेस काय?" तो दुसरा प्रश्न विचारीत नाहीं: "तूं आमच्या उपयोगाचा न ठरलास तर तुझें काय होईल?" पहिल्या प्रश्नाचे पंधरा गुण आहेत, दुसऱ्याचा एकहि नाहीं. आमच्या मतें वेस पाडण्याऐवजीं वेशीवर हा दुसरा प्रश्न लिहावा.

तो कसा लिहितां येईल? आमची सूचना तीन कलमांची आहे. पहिलें कलम: मुलाच्या अठराव्या वर्षापूर्वीं दोन क्लबांत झालेला सौदा त्याला बंधनकारक नसावा, अठरा पुरीं झाल्यावर, क्लबाचा अगर दलालाचा नव्हे अशा वकिलासमक्ष, त्यानें पुन्हां 'होय' म्हटलें तरच तो पक्का व्हावा. अल्पवयीन खेळाडूचा करार तीन वर्षांहून लांब नसावा, असा नियम फिफानें केलेलाच आहे. त्याच दिशेनें हें आणखी एक पाऊल होय. दुसरें कलम: परवान्याच्या अर्जासोबत मुलाचा शाळेचा दाखला मागावा. ज्या क्लबानें त्याला सोळा ते अठरा या वयांत शिकविलें नाहीं, त्याला त्याच्या विक्रीचा पुरा पैसा मिळूं नये. तिसरें कलम: ज्या मुलास घेऊन दोन तीन वर्षांत क्लब सोडून देईल, त्याच्या पुढील शिक्षणाचा खर्च त्या क्लबानें सोसावा. खेळाडूच्या किमतींतील पांच टक्के रक्कम, त्याला बाराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत वाढविणाऱ्या क्लबांत वांटण्याचा नियम आज आहेच. यशस्वी मुलाच्या नांवें क्लबांना पांच टक्के देतां येतात, तर अयशस्वी मुलासाठीं कांहीं राखून ठेवणें अशक्य कसें?

ही सूचना म्हणजे स्वप्नरंजन आहे असें कोणी म्हणूं नये. एक्वेडोरच्या राजधानीजवळ सांगोल्की येथें इंदिपेंदिएंते देल व्हाये नांवाचा क्लब आहे. तो फार मोठा नाहीं, फार श्रीमंतहि नाहीं. परंतु आपल्या लहान खेळाडूंसाठीं त्यानें शाळा चालविली आहे. चेंडू आणि पुस्तक यांत भांडण आहे असें तेथें कोणी मानीत नाहीं. केंद्री पायेस त्याच क्लबाचा. मोइसेस कायसेदोहि त्याच क्लबाचा. हा दहा भावंडांतील शेंडेफळ मुलगा एकोणिसाव्या वर्षीं, फेब्रुवारी २०२१ मध्यें, इंग्लंडांतील ब्रायटनला गेला, कांहीं महिने बेल्जियममध्यें उसना राहिला, आणि २०२३ च्या ऑगस्टांत चेल्सीनें त्याच्यासाठीं ११ कोटी ५० लक्ष पौंडांपर्यंत किंमत कबूल केली. तो अठरा वर्षांच्या आधीं गेला नाहीं म्हणून त्याचें कांहीं अडलें काय? आणि याच क्लबानें २०१९ व २०२२ सालीं दक्षिण अमेरिकेच्या दुसऱ्या क्रमांकाचा चषकहि जिंकला. मुलांना शिकविल्यानें क्लब बुडत नाहीं, याला याहून निराळा पुरावा नको.

दारिद्र्याचा आक्षेप तेवढा शिल्लक राहिला. ज्या घरांत संध्याकाळची चूल पेटण्याची पंचाईत, त्या घराला "दोन वर्षें थांबा" असें सांगणें सोपें नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु नियम पैसा नाकारीत नाहीं. तो मुलाचें बालपण गहाण टाकावयास नाकारतो. घराची नड खरी असेल तर तिच्यासाठीं मोठ्या माणसांनीं, सरकारांनीं आणि त्या श्रीमंत क्लबांनीं दुसरा उपाय काढावा. घराचा भार सोळा वर्षांच्या पायांवर ठेवावयाचा, आणि त्या पायाचा एक सांधा निखळला म्हणजे सारें घर कोसळावयाचें, ही व्यवस्था दयेची नव्हे.

आतां, विद्यार्थिमित्रा, तुझ्या प्रश्नाचें उत्तर. मुलाला अठरापर्यंत थांबविणें हा अन्याय नव्हे. थांबविलेल्या त्या काळांत त्याला विकून ठेवणें, त्याच्या शिक्षणाची चौकशी न करणें, तो कोठें निजतो तें न पाहणें, हा अन्याय आहे. तूं ज्या खेळाडूचें नांव पाठीवर घालून मैदानावर येतोस, त्याच्यावर प्रेम अवश्य कर. मात्र त्याच्याबरोबर त्याच गाडींतून क्लबाच्या दाराशीं आलेला आणि आठ दिवसांनीं त्याच गाडीनें परत गेलेला जो दुसरा मुलगा, त्याचीहि कधीं आठवण ठेव. त्याचें नांव कोणाच्याच पाठीवर नसतें.

पालकांनाहि दोन शब्द सांगावेसे वाटतात. युरोपचे क्लब आपल्या दारीं येवोत अगर न येवोत; परंतु मुलाच्या अंगीं खेळाचा गुण दिसतांच, "याची शाळा सोडवा, याला आमच्या स्वाधीन करा," असें सांगणारीं माणसें आपल्या शहरांतहि भेटतात. त्यांत कांहीं प्रामाणिक असतात, कांहीं नसतात. दोघांनाहि तेच तीन प्रश्न विचारावे: मुलगा कोठें राहील? तो काय शिकेल? आणि तो निवडला गेला नाहीं तर त्याचें पुढें काय? ज्याच्यापाशीं तिन्हींचीं उत्तरें तयार असतील, त्याच्याशीं बोलावें. ज्याच्यापाशीं फक्त रकमेचा आंकडा असेल, त्याला चहा द्यावा आणि निरोप द्यावा.

हें लिहून होतांना बाहेर पाऊस उघडला आहे आणि मैदानावर पुन्हां चेंडू आला आहे. आमचा तो तक्रारखोर मित्र चिखलांतून धांवतांना येथून दिसत आहे. तो पंधरा वर्षांचा आहे. त्याला परवाना कोणी मागत नाहीं आणि त्याची किंमत कोणी करीत नाहीं. घंटा झाल्यावर पाय धुवून त्यानें वर्गांत यावें, एवढीच आमची अपेक्षा आहे. आणि त्याच्या वयाच्या प्रत्येक मुलाकडून, तो रोसारियोचा असो वा रिओचा, जगानेंहि याहून अधिक कांहीं मागूं नये.